झोपायची जागा

साहेब म्हणाला, चेहरे नंतर.
आधी जागा काढू, रात्री जिथं पाठ टेकते ती.
लांबून आलेला. त्याच्या काळ्या पेटीत
अकरा देशांची पोरं आधीच झोपलेली.
मी शाहूपुरीतला. साखरपुडे, बारशी, शाळेची ओळखपत्रं,
आणि एका पुरानंतर, पंचनाम्यासाठी,
भिंतीभिंतीवरची पाण्याची रेघ.
दिवसाला अडीच हजार, पेट्रोल वेगळं.
मी स्टँड उचलला.

ताराबाई पार्कात अन्वितचा पलंग मोटारीच्या आकाराचा.
छताला तारे चिकटवलेले,
दिवा मालवला की हिरवे होणारे.
आई हसत म्हणाली, पण झोपतो आमच्यातच,
मध्ये. एकटा भितो.
साहेबानं मान डोलावली
आणि मोटारीचाच फोटो काढला.

हुपरीत, पत्र्याच्या माडीवर, तस्मिया
पैंजणाला घुंगरू जोडत होती.
अंथरूण विचारलं तर पाट सरकवून दाखवला:
हे आवरलं की इथंच.
सकाळी कधी केसांत एखादं घुंगरू निघतं.
ते मोजून परत द्यायचं.

सुभाषनगरात एका दुपारी तीन घरं झाली.
दारात चामड्याचे तळ वाळत पडलेले,
वास असा, की लेन्स पुसली तरी जाईना.
प्रत्येक दारात बाई म्हणाली, थांबा हं जरा,
आणि दार निम्मं लोटलं.
मागल्या बोळातनं कुणीतरी पळाल्यागत वाजलं.
मला वाटलं, पसारा आवरतायत.

मग कसबा बावड्याच्या पुढं, ऊसतोड टोळीच्या खोपटांत,
पहाटे तीनला. साहेबाला तो उजेड हवा होता.
बैलांच्या शिंगांना दव. चूल पेटलेली.
माझ्या हातातल्या कागदावर रकाना: झोपायची जागा.
गाडीच्या दांडीला टेकून एक पोरगं उभं, सोपान,
आईचा स्वेटर गुडघ्यापर्यंत.
मी बॅटरी धरून विचारलं, जागा?
तो म्हणाला, व्हय, जागाच हाय.
कवाधरनं.

मी तेच लिहिलं.
साहेबाला मराठी येत नव्हतं,
आणि त्या शब्दाला दुसऱ्या भाषेत
दोन्हीकडून उघडणारं दार नाही.

रात्री दुकानात कॉम्प्युटरवर फोटो उतरवले.
सुभाषनगर आलं, आणि मी माऊस सोडला.
पहिल्या घरात मोराची सोलापुरी चादर.
दुसऱ्या घरात मोराची सोलापुरी चादर.
तिसऱ्यात त्याच मोराच्या मानेवर
इस्त्रीचा तोच तिकोनी डाग.
गल्लीतली एकुलती एक चांगली चादर
आमच्या पुढं पुढं पळत होती.

साहेब खांद्यावरून वाकला. हिंदीत म्हणाला,
यहाँ सबके पास एक जैसी?
मी म्हणालो, हाँ. एकाच दुकानातली.
त्यानं वहीत काहीतरी टिपलं,
बहुतेक त्या दुकानाबद्दल.

जाताना पैसे मोजून दिले, हात मिळवला.
तुला मुलं?
एक. गौतमी. चौथीत.
ती कुठं झोपते, हे त्यानं विचारायच्या आत
मी त्याची पेटी उचलून रिक्षात ठेवली होती.
रिक्षावाल्याला स्टेशन दोनदा सांगितलं.

परत येऊन शटर अर्धं ओढलं, वाकून आत आलो.
ग्राहक गेले की आम्ही पडदा खाली सोडतो, जमिनीवर पसरतो:
रंगवलेलं काश्मीर, तळं, दोन शिकारे,
बर्फाला मागच्या दिवाळीत पडलेली चीर.
त्यावर गादी. गादीवर ती,
एक पाय पाण्यात गेलेला.

कॅमेरा गळ्यातच होता.
छत्रीचा दिवासुद्धा तसाच उभा होता, तिच्याकडं तोंड करून.
मी त्याची पिन काढली,
चपला हातात घेतल्या
आणि तळ्याच्या कडेकडेनं
भिंतीपाशी गेलो.